नाक धरून घेतलेलं माप

सोयाबीन सडायला लागलं की त्याचा वास आधी गोडसर येतो. पहिल्या दिवशी तर वाटावं, शेजारी कुणीतरी मोहाची फुलं वाळत घातली आहेत. दुसऱ्या दिवशी तो आंबतो. तिसऱ्या दिवशी त्याचा नासक्या अंड्यासारखा भपकारा सुटतो आणि मग तो कुठून येतो हे शोधण्यात अर्थ उरत नाही, कारण तो सगळीकडूनच येतो. उशीच्या अभ्र्याला येतो, ताकाच्या गंजाला येतो, न्हाऊन आलेल्या केसांनाही येतो. यंदा परतीच्या पावसाने आठवडाभर मुक्काम ठोकला. कापून ढीग लावलेलं, ताडपत्रीखाली झाकलेलं, अजून वावरात उभं असलेलं, सगळं सोयाबीन त्याने एकदमच सडवलं. परवा सकाळी खिडकी उघडली, तो वास आत शिरला आणि मला खरोखर ओकारी आली. वहिनी म्हणाली, "पित्त झालं असंन." मी हो म्हटलं.

पित्त नव्हतं. हा वास आला की मला दरवर्षी असंच होतं. लोकांना जुने हंगाम आठवतात तेव्हा हुरडा आठवतो, बोरं आठवतात, परीक्षेच्या दिवसांतला मोगरा आठवतो. त्यांचा मला हेवा वाटतो. मला एकच हंगाम आठवतो, आणि तो आठवला की स्वतःची किळस येते. त्या हंगामात मी एका खोट्या मापावर सही केली. खोटं आहे हे पुरतं माहीत असताना केली. माप आमच्या गावच्या सोयाबीनचं होतं. आणि त्या दिवसांत मी स्वतः करत काय होते, तर आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांमध्ये नवे तारे किती वेगाने जन्माला येतात हे बिनचूक मोजायचं कसं, यावर प्रबंध लिहीत होते. हे वाक्य लिहितानाही हाताला काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटतं.

सात-आठ वर्षं झाली त्याला. पुण्याच्या वसतिगृहात लिहिणं होईना, म्हणून लॅपटॉप घेऊन मी गावी आले. आमचं गाव फुलसावंगीपासून आत, नाल्याच्या दोन्ही अंगांनी पसरलेलं. वरच्या अंगाला रस्त्याकडची उतारावरची वावरं, त्यांतलं एक आमचं. खालच्या अंगाला नाल्याकाठची पाच वावरं, काळी, जड, पाणी धरून ठेवणारी जमीन. पाऊस बेताचा झाला तर खालचं शिवार वरच्याला लाजवतं. जास्त झाला की पाणी साचून चिबडून जातं. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं.

माडीवरच्या खोलीत बियाण्याची रिकामी पोती आणि मी, असा आमचा अभ्यास चाले. गावाला वाटे, मी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसते. प्रत्यक्षात मी दुर्बिणीला डोळा कधीच लावला नव्हता. दुर्बीण कुठल्या तरी परक्या डोंगरावर, निरीक्षणं दुसऱ्याच कुणी तरी घेतलेली, आणि मी भर दुपारी पंख्याखाली बसून आकड्यांचे तक्ते चाळणारी. तरी मला माझ्या कामाचा माज होता. खोटं कशाला बोलू? जेवताना वहिनीने आणखी एक भाकर वाढली तरी मी अशा चेहऱ्याने नको म्हणायची, की जणू विश्वाचं काम खोळंबलंय.

काम मात्र खरंच सुंदर होतं. ताऱ्याचा जन्म कुणी पाहू शकत नाही, त्याला लाखो वर्षं लागतात. मग मोजायचं कसं? तर ज्यांचं आयुष्य थोडं असतं असे तारे शोधायचे. फार मोठे, फार तापलेले, निळसर तारे. ते भसाभसा जळतात आणि लवकर संपतात. म्हणून ते जिथे दिसतात तिथे जन्म नुकतेच झालेले असणार, हे उघड आहे. त्यांच्या आसपासचा हायड्रोजन वायू त्यांच्यामुळे पेटल्यासारखा लाल चमकतो. तो लाल प्रकाश मोजला की वर्षाकाठी किती नवे तारे, हा दर काढता येतो. बाळंतिणीच्या घरासमोर दोरीवर वाळणारी दुपटी पाहून आत पोर झालंय हे ओळखावं, तसं ते आहे.

ही दुपट्यांची उपमा माझी नाही, गौतमभाऊंची आहे. गौतमभाऊ म्हणजे खालच्या शिवारातले शेतकरी, आमच्या दादापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. त्यांचं घर बुद्धविहाराच्या शेजारी, ओट्यावर लोखंडी खुर्ची, खुर्चीवर कालचं वर्तमानपत्र. गावात मला माझ्या विषयाबद्दल नीट प्रश्न विचारणारा तो एकच माणूस होता. बाकीचे विचारत, "मंगळ असलेल्या पोरीचं काही होते का?" आणि मी चिडे. गौतमभाऊ विचारत, "हे जे आपलं आभाळ हाय, आपली आकाशगंगा, तिच्यात वर्साले किती तारे पैदा होते?"

"सूर्याच्या वजनात सांगायचं तर वर्षाला एखाद-दोन सूर्यांइतकेच."

"दोनच?" त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "एवढ्या मोठ्या आभायात वर्साले दोन? मंग बाकीचं आभाय करून काय राह्यलं?"

मी पोट धरून हसले होते. मग मी त्यांना धुळीची गोष्ट सांगितली, कारण तेव्हा मी धुळीचंच प्रकरण लिहीत होते. जिथे सगळ्यात जास्त तारे जन्मतात तिथेच सगळ्यात जास्त धूळ असते. ती निळा प्रकाश गिळते, लाललाही सोडत नाही. दुरून पाहणाऱ्याला वाटतं, इथे काहीच चाललेलं नाही. जो फक्त दिसलेल्या प्रकाशावर दर काढतो तो फसतो. स्वच्छ, उजळ, सोप्या दीर्घिका तेवढ्या त्याच्या यादीत येतात आणि धुळीतल्या राहून जातात.

"मंग झाकलेलं मोजता कसं?"

"धूळ प्रकाश गिळते तशी ती तापतेही. तापली की तिच्यातून उष्णता बाहेर पडते. डोळ्याला न दिसणारा तो प्रकाश वेगळ्या दुर्बिणीने पकडायचा आणि पहिल्या मापात मिळवायचा. कष्टाचं काम असतं, पण ते टाळलं तर माप खोटं."

"बराबर हाय," ते म्हणाले. "जे पाह्याले तरास होते तेच आंदी पाह्याले पायजे."

मी हे वाक्य त्या दिवशी वहीत लिहून घेतलं. प्रबंधाच्या प्रस्तावनेत वापरता येईल का, असा विचारही केला. इतकी मी निर्लज्ज.

त्याच आठवड्यात पाऊस आला. आल्यावर तो जाईचना. दादाने कापलेल्या सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री टाकली, तिच्या पोटात पाणी साचलं, ते उपसायला गेला तर खालून वाफ निघाली. ढीग आतून तापला होता. हात घातला तर शेंगा गिळगिळीत, आणि फटीफटीतून पांढरे कोंब बाहेर आलेले. मग वाणी आले. शंभर पायांचे, विटकरी रंगाचे किडे. ते भिंतीवर चढले, चुलीमागे गेले, पाण्याच्या माठाखाली गोळा होऊन बसले. वहिनी सुपाने भरून बाहेर टाकी आणि ते परत येत. चुकून पायाखाली चिरडला की त्याचा पिवळट रस आणि त्याला येणारा तो औषधासारखा कडू वास. पाठोपाठ गोगलगायी. दाराच्या कडीला हात लावावा तर बोटाला बुळबुळ. मी तीन दिवस खाली उतरले नाही. ताट वर मागवून घेतलं. वहिनीने एका शब्दाने कुरकुर केली नाही, आणि आता त्याचीही मला शरम वाटते, कारण तिलाही ती घाण आवडत नव्हती.

पावसाने उघडीप दिली तेव्हा पीक कापणी प्रयोगाचा माणूस आला. नाव मोठं आहे, काम साधं. गावातलं एक वावर चिठ्ठीने निवडायचं. त्याच्या कोपऱ्यापासून, चिठ्ठीतच आलेल्या आकड्याइतकी पावलं आत जायचं. तिथे दोरीने ठरल्या मापाचा चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापायचं, झोडायचं, तोलायचं. आसपासच्या गावांतले असे मोजके चौकोन मिळून सगळ्या भागाचा उतारा, म्हणजे एकरी किती पिकलं ते, ठरतो. नुकसान झालं की नाही, कुणाला काही मदत मिळणार की नाही, हे त्या उताऱ्यावरून ठरतं. माझ्या दीर्घिकांसारखंच आहे हे. सगळं आभाळ कुणालाच मोजता येत नाही. थोडं मोजायचं आणि त्यावरून सगळ्याचं बोलायचं. म्हणून ते थोडं कुठलं घ्यायचं, यात सगळं आलं.

दादा थ्रेशरच्या खटपटीत होता. तो म्हणाला, "त्या मानसासंग तू जाय. तुयाच धंद्याचं काम हाय, मोजमापाचं. पंच म्हनून सही बी तूच कर."

माणूस पन्नाशीचा होता. शांत, घामेजलेला, खांद्याला पिशवी. पिशवीत दोरी, खुंट्या, ताणकाटा आणि गमबूट. हे गमबूट मला विसरता येत नाहीत. पुढे कितीदा तरी मी ही हकिकत मनातल्या मनात अशी रचून पाहिली आहे, की तो माणूस आळशी होता, त्याला चिखलात उतरायचं नव्हतं, तो घाईत होता. तसं काही नव्हतं. तो घरून गमबूट घेऊन आला होता.

"चिठ्ठी खालच्या शिवारातली निघाली, मॅडम," तो म्हणाला. "गौतमभाऊ म्हनून हायेत, त्यांचं वावर."

गौतमभाऊ त्या दिवशी ढाणकीच्या बाजाराला गेले होते. आम्ही दोघंच नाल्याकडे उतरलो. बांधावर पोचलो आणि मी जागच्या जागी थांबले. वावर कसलं, तो सडका रबडा होता. पिकाच्या कमरेपर्यंत पाणी चढून उतरलेलं, त्याची रेघ प्रत्येक झाडावर. झाडं काळी पडलेली. शेंगा उकललेल्या आणि त्यांतून अळ्यांसारखे कोंब लोंबत होते. ताटाताटावर वाण्यांचे झुबके. एका कोपऱ्यात फुगून मेलेली घूस, तिच्यावर माशा. आणि तो वास. मी ओढणी नाकाला लावली.

तो बांधावर बसून गमबूट चढवत होता. एक पाय झाला होता.

मी म्हणाले, "इथे कशाला? शिवार थोड्याफार फरकाने सगळं सारखंच आहे. वरचं घ्या ना, रस्त्याकडचं. तिथे अजून थोडं उभं आहे."

"पन नंबर याचा निघाला."

"इथे चौकोन आखणार कसा? खुंटी तरी उभी राहील का? नमुना प्रातिनिधिक असला म्हणजे झालं."

प्रातिनिधिक. हा शब्द मी वापरला. माझ्या प्रबंधात तो पानोपानी होता. त्याचा अर्थ मला त्या पंचक्रोशीत सगळ्यांत चांगला कळत होता, आणि तो मी नाक धरून, ओढणीतून, त्या भल्या माणसाच्या तोंडावर फेकला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग वावराकडे. "तुमी सायंटिस्ट हाय म्हनतात तुमचे भाऊ," तो म्हणाला. "तुमाले जास्त समजते." आणि त्याने चढवलेला गमबूट ओढून काढला.

आम्ही वर आलो. आमच्याच वावरात, जिथे पाणी थांबत नाही अशा उतारावर, दादाने कापायचा ठेवलेला एक पट्टा उभा होता. शेंगा थोड्या काळवंडल्या होत्या, पण भरलेल्या होत्या. खुंट्या छान उभ्या राहिल्या. दोरी तंग बसली. वहिनीने चहा आणि गरम भजी पाठवली. तोल झाला, आकडा चांगला भरला. कागदावर गट नंबर खालच्या वावराचा आणि वजन वरच्या वावराचं. मी सही केली. इंग्रजीत केली. मग हात धुऊन माडीवर गेले आणि दुपारभर धुळीचं प्रकरण लिहिलं. त्यात एक परिच्छेद आहे, की निरीक्षकाने केवळ सोय पाहून नमुना निवडला तर निष्कर्ष कसे विकृत होतात. तो परिच्छेद मी त्याच दुपारी लिहिला. फार ओघवता उतरलाय, माझ्या मार्गदर्शकांनी त्याच्या समासात बरोबरची खूण केली होती.

वाचणाऱ्याला वाटेल की तेव्हा मला कळलं नसेल, नंतर कळलं असेल. तसं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते. मला सही करतानाच कळत होतं. माझ्या दीर्घिका धुळीमुळे खऱ्यापेक्षा सुस्त दिसत होत्या आणि आमचं गाव चिखलामुळे खऱ्यापेक्षा सुखी दिसणार होतं. एवढाच काय तो फरक. मला कुणी धमकावलं नव्हतं, काही देऊ केलं नव्हतं. मला फक्त घाण वाटली. एवढ्याशा कारणासाठी माणूस इतकं करू शकतो, याची मला आजही शिसारी येते.

गौतमभाऊ दुसऱ्या दिवशी आले. अंगणात उभे राहिले, आत आले नाहीत. पायांना गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल होता, म्हणजे ते वावरातूनच सरळ आले होते.

"माह्या वावरात कोनी उतरलंच नाही," ते म्हणाले. "पावलं नाहीत कोनाची."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"सही तुही हाय म्हनते."

"हो."

मला वाटलं, आता ते ओरडतील. मी मनातल्या मनात उत्तरंही जुळवली होती. खुंट्यांचं, दोरीचं, प्रातिनिधिकतेचं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "तुले तं मालूम होतं."

एवढंच म्हणाले आणि गेले. त्यांच्या पायांचा सुकलेला चिखल अंगणात पडला होता. वहिनीने तो संध्याकाळी झाडून टाकला.

पुढे जे व्हायचं ते झालं. आमच्या भागाचा उतारा ठीक निघाला. ठीक उतारा म्हणजे नुकसान नाही, नुकसान नाही म्हणजे मदत नाही. खालच्या शिवारातल्या लोकांनी तालुक्याला, महागावला, दोन-तीन चकरा मारल्या, अर्ज दिले. तिथे त्यांना कागद दाखवला गेला. गट नंबर तुमचाच आहे, उतारा हा असा आहे, खाली पंचाची सही आहे, आणि पंच चांगला शिकलेला दिसतो. माझी इंग्रजी सही तिथे कामाला आली. तोवर मी पुण्याला परतले होते. एकट्या माझ्या सहीनेच सगळं झालं असं नाही, इतरही चौकोन होते, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावत असे. हे बोलणं ऐकून मला माझाच कंटाळा येई.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "सोप्या दीर्घिकाच निवडल्या गेल्या नाहीत, याची खात्री तू कशी केलीस?" मी दहा मिनिटं बोलले. धुळीमागचं मोजायला किती खटपट केली, एकही अवघड दीर्घिका केवळ अवघड म्हणून कशी सोडली नाही, सगळं सांगितलं. त्यातला शब्दनशब्द खरा होता. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, निरीक्षकाकडे असा प्रामाणिकपणा हवा. बाहेर पेढे वाटले गेले. मी एक तोंडात टाकला आणि मला सोयाबीनचा वास आला. स्वच्छतागृहात जाऊन थुंकले.

तीन वर्षांपूर्वी मी परत आले. महागावला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, गावाहून जाऊन येऊन करते. आल्या वर्षीच मला कळलं, की दरवर्षी नवा माणूस येतो आणि गावातले लोक त्याला पहिल्यांदा आमचं रस्त्याकडचं वावर दाखवतात. चिठ्ठी कुठलीही निघो. "हे वावर आमच्या मॅडमनं पसंत केलेलं हाय," असं सांगतात. त्यात कुणाचा लबाडीचा हेतू नाही. पाहुण्याला चिखलात कशाला न्यायचं, हा आदर आहे. वर चहा-भजी. माझं एका दुपारचं घाण वाटणं गावची रीत होऊन बसलं होतं.

मी दादाला म्हटलं, "हे चुकीचं आहे. पहिल्या वर्षी मीच चूक केली. मी सगळ्यांसमोर सांगते."

"कायले उकरून काढतं?" दादा म्हणाला. "कोनी तुले बोललं का? कोनाच्या मनात तरी हाय का आता?"

तरी मी ग्रामसभेत उभी राहिले. सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमी कायले मनाले लावून घेता? सारेच करतात." दुसरं कुणी म्हणालं, "बाईमानूस त्या गाऱ्या-चिखलात कशी उतरंन?" आणि विषय पाण्याच्या टाकीवर गेला. मी इतकी चिडले, इतकी चिडले, की घरी येईपर्यंत रडू फुटलं. मला शिव्या हव्या होत्या. मिळाली ती माफी, आणि तीही ज्यांचं त्यात काहीच बुडालं नव्हतं अशा लोकांकडून. अशी फुकटची माफी अंगाला वाण्यासारखी चिकटते. गौतमभाऊ सभेत मागे बसले होते. बाहेर पडताना मान हलवली, रोज हलवतात तशी.

पण रीत मोडली. त्यानंतर मी अडून बसले, की चिठ्ठीत जे निघेल तेच. यंदा माणूस आला तेव्हा मी कॉलेजातून रजा घेतली होती. महागावच्या बाजारातून स्वतःसाठी गमबूट आणले होते. आता चिठ्ठी नसते, मोबाईलमध्ये गट नंबर आधीच ठरून येतो, फोटो काढावा लागतो, जागाही मोबाईलच सांगतो. त्याने नंबर वाचला. मी दोनदा विचारलं. गौतमभाऊंचा गट होता.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. माणसाला दुसरी संधी मिळते तेव्हा तो किती स्वार्थी होतो! बाहेर सगळं शिवार सडत होतं आणि मी गमबूट घालून लगबगीने नाल्याकडे उतरत होते. वास येत होता. मी नाकाला हात लावला नाही. वाटेत वाणी चिरडत होते, चिरडू दिले. मनात चाललं होतं की आज चौकोन रबड्यातच आखायचा, खुंटी उभी नाही राहिली तर हाताने धरून ठेवायची, आणि जे काळं, कुजकं निघेल तेच तोलायचं.

बांधावर पोचलो. वावरात तीन म्हशी बसल्या होत्या.

गौतमभाऊंच्या वावरात सोयाबीन नव्हतं. काहीच नव्हतं. तरोटा, गाजरगवत, मधे साचलेलं डबकं आणि त्यात म्हशी. शेजारचं वावर पाहिलं, तिथे नुसतं वैरणीचं गवत. त्याच्या पलीकडे पडीत. नाल्याकाठची पाचही वावरं तशीच. मी रोज त्याच गावात राहत होते. रस्त्याने कॉलेजला जात होते, रस्त्याने येत होते. खाली उतरून पाहिलं नव्हतं.

"इथं पीकच नाही, मॅडम," माणूस म्हणाला. "पीक नसलं तं पुढचा नंबर घ्या असं हाय. नियमच हाय."

नियम बरोबर होता. दीर्घिकांच्या कामातही असंच असतं. जिच्यात तारे जन्मणं थांबलं, ती जन्मदराच्या यादीत धरत नाहीत. उरलेल्यांची सरासरी काढतात आणि ती छान दिसते. पुढचा नंबर वरच्या अंगाचा निघाला, आमचं नव्हे, दुसऱ्या कुणाचं तरी उतारावरचं वावर. आम्ही तिथे गेलो. मोबाईलने दाखवलं त्याच जागी खुंट्या ठोकल्या. मी स्वतः दोरी धरली, तोल पाहिला, एक दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पावसाने वरच्यालाही थोडं मारलं होतं, पण पाणी वाहून गेलेलं, शेंगा भरलेल्या. काट्यावर आकडा आला. तो मला पाठ होता. माणूस म्हणाला, "सही करा." मी केली. या वेळी मराठीत.

तशीच गमबूट घालून गौतमभाऊंकडे गेले. ते ओट्यावर बसून म्हशीचं दावं वळत होते.

"तुमचा नंबर निघाला होता," मी म्हटलं. "पेरणं कधी सोडलं?"

"झाले चार-पाच वर्स. आंदी म्या सोडलं, मंग बाकीच्यायनं सोडलं. कागदावर तं आमचं पीक बुडतच नाही, मंग दरवर्सी बुडवाले कायले पेराचं?" त्यांनी दाव्याची गाठ ओढून पाहिली. "म्हशी बऱ्या हायेत. त्यायले गारा आवडते."

मग त्यांनी विचारलं, "वरतं किती भरलं?"

मी आकडा सांगितला.

त्यांना तो आठवत होता. त्या कागदासाठी त्यांनी तालुक्याला चकरा मारल्या होत्या, त्यांना तो आठवणारच. त्यांनी दावं मांडीवर ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हंजे तूनं त्या वर्सी लिहेल होता तोच," ते म्हणाले. "मंग झालं ना बराबर तुयं माप."

टोमणा असता तर मी झेलला असता. तो टोमणा नव्हता. मला दिलासा द्यावा म्हणून ते बोलले होते, आणि वर म्हणाले, बस, चहा ठेवाले सांगतो. मी बसले नाही. मला तिथे उभं राहवत नव्हतं आणि निघवतही नव्हतं. माझी एक सही खरी ठरावी म्हणून नाल्याकाठच्या पाच घरांनी पेरणं सोडलं होतं.